पिठीचं टोपडं आणि गिरणीची जाळी

मला गोष्ट सांगायला बसवलंय. मला! चौथीतनं शाळा सोडलेल्या माणसाला! सूनबाईनं वही पुढं टाकली. म्हणाली, "मामंजी, लिहून काढा. पोरांना तुमचीच गोष्ट पाहिजे." पोरांना काय, पाहिजे म्हणायला पैसे पडतात? माझा चहा गार झाला.

बरं. एकदाच सांगतो. मध्ये 'का?' विचारायचं नाही. उजवा हात वर करा. बोटं मोजायला लागतील.

एक गाव होतं. गावात पिठाची गिरणी होती. गिरणीत एक उंदरीण राहायची. इवलीशी. अंगभर पीठ. म्हणून तिचं नाव पिठी.

पिठीला एक टोपडं होतं. लालेलाल. आईनं विणलेलं. टोपडं घातलं की कान उबदार. टोपडं काढलं की कान गार.

गिरणी चालायची, घर्रर्र, घर्रर्र. गिरणीचा पट्टा फिरायचा, फट् फट् फट् फट्. ह्या चाकावरनं त्या चाकावर. त्या चाकावरनं ह्या चाकावर. पट्ट्यापुढं लोखंडी जाळी पाहिजे. कुणी आत हात घालू नये म्हणून.

जाळी होती का? नव्हती.

एक दिवस पिठी पट्ट्याजवळनं चालली होती. तुरुतुरु, तुरुतुरु. टोपड्याची नाडी लोंबत होती. नाडी पट्ट्याला लागली. आणि...

सुर्रर्र! टोपडं गेलं!

नशीब, गाठ सैल होती. नाहीतर टोपड्याच्या मागनं पिठीपण गेली असती.

टोपडं गर्रकन आलं. टोपडं गर्रकन गेलं. पिठी म्हणाली, "माझं टोपडं! आता पकडते!" ती उडी मारणार, तेवढ्यात महिपती गिरणीवाला ओरडला,

"पंजा नको! शेपूट नको! मिशी नको!"

पिठी जागच्या जागी थांबली.

"मग गिरणी बंद करा ना, महिपतीअण्णा!"

"बटण पलीकडं आहे. हात उघड्या पट्ट्यावरनं न्यावा लागतो. ही बघ माझी बाही."

पिठीनं बघितलं. सदऱ्याला एकच बाही होती.

"मग रोज गिरणी बंद कशी होते?"

"लाइट गेली की होते."

"लाइट कधी जाते?"

"जायला नको असते तेव्हा."

महिपतीनं मान खाजवली. म्हणाला, "जाळी आण. जाळी मध्ये उभी केली, की मी बटण दाबतो. मग तुझं टोपडं तुला."

"जाळी कुठं आहे?"

महिपतीनं वर पत्र्याकडं बघितलं. "कोंबडीकडं," म्हणाला. जाळी कोंबडीकडं कशी गेली, ते काही बोलला नाही.

अंगठा वर. एक! जाळी.

पिठी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

उकिरड्याशी कोंबडी बसली होती. कॉक कॉक कॉक. शेजारी जाळी. जाळीखाली बारा पिल्लं. चिव चिव चिव.

"कोंबडीताई, जाळी दे ना!"

"का गं?"

पिठी म्हणाली,

"पट्ट्यात अडकलं टोपडं,
अण्णांना पाहिजे जाळी,
आणि माझे कान गारेगार!"

"अगं बाई! पण जाळी काढली की घार येते. झुप्! एक पिल्लू कमी. नाही कोण म्हणतंय? ने की! पण आधी माझं डालगं आण."

डालगं म्हणजे बांबूची मोठी टोपली. उलटी घालायची. आत पिल्लं.

"डालगं कुठं आहे?"

"त्या गवंड्यानं नेलं. डोक्यावर घातलंय म्हणे!"

दुसरं बोट वर. दोन! डालगं.

पिठी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

येसू गवंडी शाळेची भिंत बांधत होता. थाप थाप थाप. डोक्यावर डालगं. डालगं पार नाकापर्यंत. त्याला काही दिसत नव्हतं. भिंत इकडं वळली होती. भिंत तिकडं वळली होती. साप बरा.

"गवंडीदादा, डालगं दे ना!"

"खाली उभी राहू नको! लांब हो! विटा पडतात!"

पिठी लांब झाली. टप्! वीट पडली. जिथं पिठी होती तिथंच.

"हां. आता बोल. का गं?"

पिठी म्हणाली,

"पट्ट्यात अडकलं टोपडं,
अण्णांना पाहिजे जाळी,
कोंबडीला पाहिजे डालगं,
आणि माझे कान गारेगार!"

"आरारारा! पण डालगं दिलं की माझं डोकं उघडं. वीट काय विचारून पडते? नाही कोण म्हणतंय? ने की! पण आधी माझं हेल्मेट आण."

"हेल्मेट कुठं आहे?"

"घाम येतो म्हणून काढून ठेवलं. जरा वळलो, तर म्हशीनं तोंड घातलं!"

तिसरं बोट वर. तीन! हेल्मेट.

पिठी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

गोठ्यात चंद्रा म्हैस पेंड खात होती. हेल्मेटातनं. सगळं जग हेल्मेट डोक्याला घालतं. हिनं तोंडाला घातलं होतं. ते घट्ट बसलं होतं. हम्म्म! हम्म्म! फुस्स! निघालं एकदाचं.

"म्हशीमावशी, हेल्मेट दे ना!"

"का गं?"

पिठी म्हणाली,

"पट्ट्यात अडकलं टोपडं,
अण्णांना पाहिजे जाळी,
कोंबडीला पाहिजे डालगं,
गवंड्याला पाहिजे हेल्मेट,
आणि माझे कान गारेगार!"

"अगं माझे आई! मला तरी कुठं हौस आहे? ह्यात वाटीभर पेंड मावते. मी काय मांजर आहे? नाही कोण म्हणतंय? ने की! पण आधी माझं घमेलं आण."

"घमेलं कुठं आहे?"

"वेल्डरनं नेलं. तोंडापुढं धरून बसलाय मेला."

चौथं बोट वर. चार! घमेलं.

पिठी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

अन्वर वेल्डर फाटक जोडत होता. चर्रर्र! चर्रर्र! ठिणग्याच ठिणग्या. एका हातानं तोंडापुढं घमेलं धरलेलं. घमेल्यातनं काय दिसणार? फाटकाला त्यानं खुर्चीचा पाय जोडला होता.

"अन्वरचाचा, घमेलं द्या ना!"

"इकडं बघू नको! ठिणगीकडं बघू नको, बेटा! डोळे जातील! पाठ कर!"

पिठीनं पाठ केली.

"हां. आता सांग. का गं?"

पिठी पाठमोरीच म्हणाली,

"पट्ट्यात अडकलं टोपडं,
अण्णांना पाहिजे जाळी,
कोंबडीला पाहिजे डालगं,
गवंड्याला पाहिजे हेल्मेट,
म्हशीला पाहिजे घमेलं,
आणि माझे कान गारेगार!"

"अरे देवा! पण घमेलं दिलं की माझे डोळे उघडे. नाही कोण म्हणतंय? ने की! पण आधी माझा काळा चष्मा आण."

"चष्मा कुठं आहे?"

"गोदाकाकूंनी नेला. पाच मिनिटांसाठी म्हणाल्या. सोमवारी."

करंगळी वर. पाच! चष्मा. माझी करंगळी अर्धीच आहे. हसू नका. चष्मा अख्खा होता.

पिठी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आता पाय दुखायला लागले. कान तर पार गारठले.

गोदाकाकूंची खानावळ. काकू कांदे चिरत होत्या. कच कच कच. नाकावर वेल्डरचा काळा चष्मा. भरदिवसा अंधार. कांदा समजून त्यांनी साबण चिरला होता. चुलीवरचा रस्सा फसफसत होता. फेस थेट दारापर्यंत.

"काकू, चिरू नका! दिसत नाही तर चिरू नका! बोट कापेल!"

काकूंनी विळी आडवी ठेवली. "बरोबर बोललीस. कोण गं तू? काय पाहिजे?"

"चष्मा द्या ना, काकू!"

"का गं?"

पिठीनं मोठा श्वास घेतला. म्हणाली,

"पट्ट्यात अडकलं टोपडं,
अण्णांना पाहिजे जाळी,
कोंबडीला पाहिजे डालगं,
गवंड्याला पाहिजे हेल्मेट,
म्हशीला पाहिजे घमेलं,
वेल्डरला पाहिजे चष्मा,
आणि माझे कान गारेगार!"

"अगं सोन्या! पण चष्मा काढला की डोळ्यांची धार लागते. शंभर कांदे, वर चुलीचा धूर, आणि खिडकी बंद! आपटते म्हणून मीच बांधली सुतळीनं. आता गाठ सुटत नाही. गाठ वर, मी खाली."

"स्टुलावर चढा ना!"

"त्या स्टुलावर? तीनच पाय आहेत त्याला. दिवाळीत चढले होते. खाली आले ती पिठल्यात! आता नाही चढायची. नाही कोण म्हणतंय? ने की चष्मा! पण आधी मला वारा आण."

सहावं बोट वर. नाही ना? हाताला बोटं पाचच.

पिठीला पण कळेना. वारा कुणाकडं मागायचा? वाऱ्याचं घर कुठं? ती खाली बसली. कान पंजांत धरले. डोळ्यांत पाणी आलं. कांद्याचं नव्हतं.

वर बघितलं. खिडकी. खिडकीला सुतळी. सुतळीला गाठ.

पिठीनं सुतळीकडं बघितलं. मग स्वतःच्या दातांना जीभ लावून बघितली.

पोत्यावर चढली. सर सर सर. फळीवर चढली. सर सर सर. गाठीपाशी पोचली. चार पाय घट्ट रोवले. कुरतडायला लागली. कुरतुड, कुरतुड.

"पट्ट्यात अडकलं टोपडं, कुरतुड!
अण्णांना पाहिजे जाळी, कुरतुड!
कोंबडीला पाहिजे डालगं, कुरतुड!
गवंड्याला पाहिजे हेल्मेट, कुरतुड!
म्हशीला पाहिजे घमेलं, कुरतुड!
वेल्डरला पाहिजे चष्मा, कुरतुड!
काकूंना पाहिजे वारा, कुरतुड!
आणि माझे कान गारेगार!"

तट्!

सुतळी तुटली. खिडकी उघडली, फटाक्! वारा आत आला, भुर्रर्र! धूर बाहेर गेला.

"हाश्श!" काकू म्हणाल्या. "घे बाई चष्मा. आणि ते स्टूल चुलीत घालते आजच."

आता एकेक बोट खाली. करंगळीपासनं.

पिठीनं चष्मा आणला ओढत, सर्र सर्र. वेल्डरला मिळाला चष्मा. वेल्डरनं दिलं घमेलं. "हाय रे! हा खुर्चीचा पाय कुणी जोडला?"

पिठीनं घमेलं आणलं लोटत, गडगड गडगड. म्हशीला मिळालं घमेलं. म्हशीनं दिलं हेल्मेट. आतनं चाटूनपुसून.

हेल्मेट पिठीवर पालथं पडलं. पिठी आत. हेल्मेट रस्त्यानं चालायला लागलं! तुरुतुरु, तुरुतुरु. कुत्रं घाबरून गटारात गेलं. गवंड्याला मिळालं हेल्मेट. घातलं लगेच. टप्! वीट पडली. "लागली नाही!" गवंडी म्हणाला. गवंड्यानं दिलं डालगं.

पिठीनं डालगं आणलं घरंगळत, डुगुडुगु डुगुडुगु. कोंबडीला मिळालं डालगं. बारा पिल्लं आत. कोंबडीनं दिली जाळी.

जाळी जड. पिठीला हलेना. कोंबडीनं चोच लावली. बारा पिल्लं क्षणभर बाहेर आली, त्यांनी पण लावली. हेऽऽ हो! खडखड खडखड! जाळी आली गिरणीत.

महिपतीनं लांब काठी घेतली. काठीनं जाळी ढकलली. पट्ट्यापुढं उभी केली, घट्ट. मग जाळीवरनं हात पलीकडं नेला. बटण दाबलं. खट्!

घर्रर्र... घर्र... घर्... घ.

पिठी धावली.

"थांब!" महिपती म्हणाला. "पंजा नको! शेपूट नको! मिशी नको! चाक अजून फिरतंय."

दोघं बघत बसले. चाक फिरलं. हळू. अजून हळू. थांबलं.

"थांबलं?"

"थांबलं."

मग महिपतीनं टोपडं काढलं. झटकलं. पीठ उडालं. टोपड्याला एक भोक पडलं होतं. पिठीनं घातलं. एक कान आत, एक कान भोकातनं बाहेर. पिठी तशीच उभी राहिली. तिथनं हलेना.

"आता काय?" महिपतीनं विचारलं.

"अण्णा, जाळी कोंबडीकडं कशी गेली?"

महिपतीनं वर पत्र्याकडं बघितलं. पत्रा काही बोलला नाही. मग तो पिठीपुढं उकिडवा बसला. कान धरले. स्वतःचे.

"मीच काढली गं. खडखडते म्हणून उकिरड्यावर टाकली. तुझी शेपूट गेली असती. जीव गेला असता. चुकलं माझं, पिठी."

"बरं," पिठी म्हणाली. आणि नाडीची गाठ घट्ट बांधून, टोक आत खोचून, घरी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

बटण दुसऱ्या दिवशी अलीकडं आणलं. जाळी अजून खडखडते. खडखडू दे.

पट्टा थांबला, गोष्ट थांबली. हात खाली करा.

काय रे, माझ्या करंगळीकडं काय बघता? आमच्या गावच्या गिरणीची पण जाळी एकानं काढली होती. खडखडते म्हणून. मला सांगितलं नाही. एकेचाळीस वर्षं झाली. रोज माझ्या दारावरनं जातो, पत्र्याकडं बघत. उंदरणीपुढं माणूस उकिडवा बसला, आणि ह्याला दोन शब्द जड. कोण म्हणता?

हिरव्यांचा दगडू. दगडू संतू हिरवे.