साठ्याच्या डब्यातले दाणे

विषय: साठा नावाच्या डब्यातील जुने दाणे फेकले जाण्याबाबत.

फार पूर्वी एका प्रोग्राममध्ये मुंग्यांच्या पावसाळी बेगमीचा हा डबा होता. दाणे भरण्याचे काम बरोबरराव, म्हणजे = हे चिन्ह, करीत. नवा दाणा ठेवण्याआधी बरोबरराव जुने सारे शिस्तीत फेकून देत.

"अहो बरोबरराव, पावसाळ्यात मुंग्या खातील काय?" डबा कळवळला.

"मला ठेवायला सांगितलंय. साठवायला कुणी सांगितलं?"

डब्याने राणीमुंगीकडे गाऱ्हाणे नेले. तिने बरोबररावांच्या पुढे अधिकराव, म्हणजे + हे चिन्ह, उभे केले. += अशी जोडी जमली आणि नवा दाणा जुन्यांत मिळू लागला. आभाळ भरून आले तेव्हा डब्याचे झाकण लागेना. त्याने सुटकेचा श्वास सोडला.

अधिकरावांना हटवावे, हा बरोबररावांचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.