राणीमाशीच्या वाढदिवसाचा थेंब

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. कड्यावर आग्या माश्यांचं राज्य आणि पायथ्याला मुंग्यांचं. मधावरून दोघींचं पिढ्यान्पिढ्यांचं वैर. यंदा कुठे सलोखा झाला, म्हणून राणीमाशीच्या वाढदिवसाला मुंग्यांनी आपली वकील धाडली. तिचं नाव तुरतुरी.

तीन दिवस ती उभा कडा चढली. पोळ्यापाशी पहारेकरणीनं अडवलं.

"आहेर कुठंय गं? तोंडात तर काहीच दिसत नाही."

"पोटात जपून आणलाय. झाडावरच्या मावा किड्यांचा गोड रस."

"मधाच्या घरी गोड घेऊन आलीस? शहाणीच आहेस."

तुरतुरी भरल्या मधावरून चालत गेली, पण तिनं जीभ लावली नाही. राणीपुढे येताच तिनं मुंग्यांच्या रीतीनं मिशांना मिशा लावल्या आणि तोंड राणीच्या तोंडाशी नेलं. पहारेकरणींना वाटलं, ही चावतेय. शंभर नांग्या तिच्यावर उगारल्या गेल्या. तुरतुरी मेली असती, आणि तिच्याबरोबर सलोखाही.

"थांबा गं," राणी म्हणाली. "आपणही एकमेकींना असाच घास भरवतो की." आणि तिनं तो थेंब घेतला.

मग काय सांगू बाळांनो, हजारो माश्यांनी एकीमागून एक पाठ उचलली. अख्ख्या पोळ्यावरून सोनेरी लाट फिरली, परत फिरली. तुरतुरी जागची हलेना. एवढं मोठं राज्य तिला मुजरा करत होतं.

निघताना राणीनं तिला मधाचा एक थेंब भरवला. वारुळात तो या तोंडातून त्या तोंडात जात राहिला, आणि शेवटच्या मुंगीलाही त्याची चव मिळाली.