नांगरलेली पायवाट

एकदा एक गाव वाढता वाढता नगर झाले. नगर झाल्याबरोबर त्याला नगरपरिषद मिळाली, नगरपरिषदेला सभागृह मिळाले, आणि सभागृहात पुरेशा खुर्च्या येण्याआधीच प्लॉटच्या लेआउटचे नकाशे येऊ लागले. ते तपासण्यासाठी परिषदेने एका वृद्ध नगररचनाकाराला सल्लागार नेमले होते. आयुष्यभर नगरे आखून तो मितभाषी झाला होता. त्याच्या हाताखाली एक तरुण शिष्या काम शिकत असे. तिचे सासर नवे, नोकरी नवी आणि मोजपट्टीही नवी.

एका व्यापाऱ्याने नगराच्या उत्तरेची शेतजमीन घेतली आणि तिच्यावर घरांसाठी प्लॉट पाडायचे ठरवले. शिष्येने स्वतंत्रपणे तपासलेला हा पहिलाच प्रस्ताव. तिने रस्त्यांची रुंदी मोजली, बागेची जागा मोजली, गटाराचा उतार पाहिला. वसाहतीभोवतीची भिंतही नियमात बसत होती. एका दुपारी व्यापाऱ्याच्या गाडीतून जाऊन तिने जागा पाहिली, त्याने दिलेले शहाळ्याचे पाणीही प्यायले. शेतातून तिरकी गेलेली एक पायवाट तिला दिसली होती. पण त्या उन्हात तिच्यावर चिटपाखरू नव्हते, आणि सरकारी नकाशात ती नव्हतीच. जे सरकारी नकाशात नाही ते डोळ्यांना दिसले तरी नाही असे मानावे, एवढे ती नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकली होती.

मग परिषदेच्या फलकावर हरकतींसाठी सूचना लागली. मुदत संपली, कोणीही आले नाही. शिष्येने वळणदार अक्षरात शेरा लिहिला, ‘हरकत नाही, मंजुरीस योग्य’, आणि येत्या सभेत काम होईल असा शब्दही व्यापाऱ्याला देऊन टाकला.

सभेत वृद्धाने नकाशा पाहिला, शेरा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

“शेटजी,” तो म्हणाला, “ही जमीन एकदा नांगरून घ्या. या बांधापासून त्या बांधापर्यंत. पुढच्या सभेत बोलू.”

“अहो गुरुजी,” व्यापारी हात जोडून म्हणाला, “मी तिथं घरं बांधणार आहे. हरभरा नाही पेरणार!”

सभागृहात हशा पिकला. वृद्धही हसला. “खोल नांगरा,” तो म्हणाला.

शिष्येचा चेहरा उतरला. चूक असेल तर चूक दाखवावी. सर्वांसमक्ष नांगर कशाला? बाहेर आल्यावर तिने विचारले, “गुरुजी, माझ्या तपासणीत काही राहिलं का?”

“ते मलाही अजून ठाऊक नाही,” वृद्ध म्हणाला.

संध्याकाळी नवऱ्याने उत्सुकतेने विचारले, “झालं का मंजूर?”

“नांगरायला सांगितलंय.”

तो जरा विचारात पडला. “म्हणजे मंजूर की नामंजूर?”

“ते नांगराला विचार,” ती म्हणाली आणि कणीक मळायला घेतली. त्या दिवशी पोळ्या फार मऊ झाल्या.

पुढच्या सभेच्या आधी एका सकाळी वृद्ध तिला त्या जमिनीवर घेऊन गेला. सगळीकडे उन्हाळी नांगरटीची मोठमोठी ढेकळे पसरली होती. आणि त्या ढेकळांमधून, जिथे आधी होती तिथेच, पायवाट पुन्हा उमटली होती. तेवढ्याच पट्ट्यात ढेकळे फुटून त्यांचा भुगा झाला होता. पलीकडच्या वस्तीतून माणसे येत होती, कोणी डबा घेऊन, कोणी पोरांना पुढे घालून.

डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक बाई थांबली. तिचे नाव हौसा. “आजोबा, तुमी नांगर घातलासा व्हय? पयल्याच दिशी माझ्या चपलेचा अंगठा तुटला!”

“मग मोठ्या रस्त्यानं का नाही गेलात?” शिष्येने विचारले.

“त्या हायवेनं? साळंतली पोरं घेऊन? बाई, ट्रकवाल्याला ट्रकच दिसतो, पोरगं न्हाई दिसत.”

शिष्येच्या काखेत नकाशा होता. नकाशातली भिंत नेमकी हौसा उभी होती तिथून जात होती. “पण... आम्ही सूचना लावली होती,” ती अडखळत म्हणाली. “परिषदेच्या फलकावर.”

“तिकडं कोण जातंय? गेलं की घरपट्टी मागत्यात!” हौसा हसली आणि पाटी सावरत निघून गेली.

शिष्या वाकली आणि चिमूटभर भुगा उचलला. मग म्हणाली, “गुरुजी, सकाळी इथं येऊन नुसतं उभं राहिलो असतो, तरी हे दिसलं असतं.”

“माणसे चालतात एवढे दिसले असते,” वृद्ध म्हणाला. “ती सवयीने चालतात की गरजेने, हे दिसले नसते. सवय ढेकळांपाशी अडते, गरज ढेकळे फोडते. ही वाट नांगराखाली मेली असती, तर मी तुझ्या शेऱ्याखाली आनंदाने सही केली असती. तू नियमाप्रमाणे विचारलेस, बाळ. पण जे वाचायला येतात त्यांनाच विचारलेस. या माणसांचा या जमिनीशी संबंध पायांचा. म्हणून मी पायांना विचारले.”

त्या आठवड्यात शिष्येने आपला शेरा स्वतःच मागे घेतला, पायवाटेच्या जागी तिरका रस्ता आखला आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांना भिंतीत मोकळी वाट ठेवली. व्यापारी कुरकुरला. “माझे चौकोनी प्लॉट त्रिकोणी झाले की, ताई! आणि तुमचा शब्द?”

“शब्द चुकला, शेटजी. प्लॉट त्रिकोणी झाले, पण रोज एवढी माणसं तुमच्या दारावरून जाणार. कोपऱ्यावर दुकान काढा.”

व्यापाऱ्याने नकाशा उलटा धरला, मग सुलटा धरला, आणि चहा मागवला. पुढच्या सभेत प्रस्ताव एकमताने मंजूर झाला.

तेव्हापासून शिष्या फलकावर सूचना लावते आणि मग सकाळच्या वेळी पायी निघते. ज्याला विचारायचे आहे त्याला आपल्या दारी बोलावू नये; तो रोज जिथून जातो, तिथे आपण जाऊन उभे राहावे.