घाटातल्या सहा भाकऱ्या

पळसखिंड संस्थानचे दिवाण नीळकंठराव स्वतःच्या हुशारीवर भलतेच खूश होते. त्यांनी दवंडीच पिटवली होती, "कमाईवरचा कर बंद! यापुढे जो जेवढं खाईल, तेवढा कर भरेल." त्यांच्या जहागिरीच्या उत्पन्नावरचा कर असा एका फटक्यात सुटला. आणि खाणं म्हणाल, तर अपचनापायी ते वाटीभर खिचडीवर राहत!

आठवडाभराने ऐन घाटात त्यांची पालखी खाली टेकली.

"काय झालं रे?" दिवाणजी कडाडले.

"अंगात बळ नाही, सरकार," भोयांचा म्होरक्या सटवाजी म्हणाला. "भाकरीवरचा कर परवडत नाही, म्हणून आम्हीही तुमच्यासारखी वाटीभर खिचडीच खातो."

"मग खा भाकरी आणि भरा कर! खाणार तुम्ही, तर भरायचा काय मी?"

भोई जागचे हलेनात. दिवाणजी पाय आपटत चालत निघाले. माथ्यावरच्या धर्मशाळेत पोहोचले, तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. गरम पिठलं दिसलं आणि अपचन कुठल्या कुठे पळालं. बघता बघता त्यांनी सहा भाकऱ्या फस्त केल्या.

रिकामी पालखी घेऊन भोईही मागोमाग पोहोचले होते. सटवाजीने अदबीने पाण्याचा तांब्या पुढे केला. "सरकार, हा घाट चढायला एवढ्या भाकऱ्या लागतातच. इतके दिवस तुमच्या वाटच्या आम्ही खात होतो. त्यांचा कर आता कुणाकडून घ्यायचा?"

दिवाणजींना जोराचा ठसका लागला.

परतताना त्यांनी आधी भोयांना पोटभर जेवू घातलं, मगच पालखीत पाय ठेवला. संध्याकाळी गावात पुन्हा दवंडी फिरली. कर कमाईवर परत आला होता आणि पहिला भरणा दिवाणजींचा होता.