भृंगराजाचा तिसरा सूर

डोंगरापलीकडच्या एका जंगलात एक तरुण भृंगराज राहत असे. भृंगराज म्हणजे काळाकुळकुळीत पक्षी, शेपटीला दोन लांब तुरे, आणि गळा असा की कोणाचाही आवाज हुबेहूब काढावा. उंबराखाली एक म्हातारी मैना गाण्याची शाळा चालवी, तिथे त्याच्या नकलांना सगळे माना डोलावत. मैनेला मात्र कौतुक होते ते दुसऱ्याच गोष्टीचे. पंख साफ करताना तो आपल्या नकळत तीन सुरांची एक लकेर घेई. ती कोणाची नक्कल नव्हती, त्याची स्वतःची होती. शाळा संपली त्या दिवशी मैना म्हणाली, "बाळ, पोटासाठी कुठलंही काम कर. पण दर वर्षी पळस फुलला की माझी जुनी मुलं इथे जमतात आणि ज्याने त्याने आपलं गाणं म्हणायचं असतं. ती लकेर वाढव आणि घेऊन ये." भृंगराजाने मान लववली आणि तो काम शोधायला निघाला.

मुलांनो, शिकलेल्या पाखराला नुसते पोट भरून चालत नाही, कामात अर्थही लागतो. त्यात चूक काही नाही. भृंगराज आधी सुतारपक्ष्याच्या हाताखाली राहिला. दोन दिवस खोडावर टकटक करून त्याने विचारले, "काका, या भोकात माझं असं काय आहे?" सुतार म्हणाला, "भोकात? किडा आहे." भृंगराजाने तोंड वाकडे केले आणि तो पुढे गेला. वडावर तांबट सकाळपासून एकच सूर लावून बसला होता. "दिवसभर तेच ते, कंटाळा नाही येत?" भृंगराजाने विचारले. "येतो की," तांबट म्हणाला, "पण एखादा दिवस नाही म्हटलं, तर चुकल्याचुकल्यासारखं होतं." भृंगराजाला हसू आले. त्याने मनाशी ठरवले की आपली लकेर अशी येता-जाता झिजवायची नाही. मनासारखे काम मिळेल, योग्य फांदी मिळेल, तेव्हाच ती काढायची. घरातले चांगले कप आपण पाहुण्यांसाठी कपाटात ठेवतो ना, तशी त्याने ती ठेवून दिली. आता पंख साफ करतानाही तो चोच घट्ट मिटून घेई.

तोवर पोटाचे काय? सातभाईंच्या थव्याला राखणदार हवा होता. थोरला सातभाई म्हणाला, "आम्ही खाली पाला उचकतो, तू वर बस. झडप घालणारा शिक्रा दिसला की त्याच्याच आवाजात ओरड, म्हणजे आम्ही झुडपात शिरू. पाल्यातून उडतील ते किडे तुझे." भृंगराज म्हणाला, "करतो, पण तात्पुरतं हं." सातभाई वाईट नव्हते, काम खोटे नव्हते, त्याच्या ओरडण्याने कितीतरी जीव वाचले. पळस फुलला. भृंगराज स्वतःशी म्हणाला, "या वर्षी कसं जाऊ? अजून धड काम कुठे मिळालंय?" पुढच्या वर्षीही तो हेच म्हणाला, आणि त्याच्या पुढच्याही. तात्पुरत्याला पाच पळस उलटून गेले. कधी कधी संध्याकाळी त्याला उगाच रडू येई, आणि ते कशाचे ते त्याला कळत नसे.

सहाव्या वर्षी निरोप आला की मैनाबाईंना आता उडवत नाही. भृंगराज सगळे सोडून उंबरावर गेला. जुने सोबती जमले होते. तो उंच फांदीवर बसला, त्याने छाती भरून श्वास घेतला, आणि त्याच्या गळ्यातून निघाली ती शिक्र्याची किंकाळी. क्षणात उंबर रिकामा झाला. मैनेला उडता येत नव्हते, म्हणून ती तेवढी राहिली. "शिक्रा छान झाला," ती म्हणाली. "आता तुझं म्हण." त्याने पुन्हा चोच उघडली. बुलबुल आला, कोकीळ आला, सातभाईंचा कलकलाट आला. मैना हळूच म्हणाली, "थांब, मी सुरू करून देते." तिने थरथरत्या आवाजात दोन सूर म्हटले. ऐकताच भृंगराजाला ओळख पटली, त्याने ते दोन्ही तिच्यामागून म्हटले आणि तो थांबला. मैनाही थांबली. "बाई, पुढचा?" त्याने विचारले. "पुढचा तुझ्याकडेच होता, बाळ. मला दोनच आठवतात." भृंगराजाने मान खाली घातली. "मी तो जपून ठेवला होता, बाई," तो म्हणाला. दूर वडावर तांबटाचे टुक टुक चालूच होते. एकेक पाखरू परत येऊन फांदीवर बसले, पण भृंगराजापासून जरा लांबच. मैनेने ते दोन सूर पुन्हा म्हटले, आणि दोघे तिसऱ्याची वाट पाहत बसून राहिले.

तात्पर्य : मनासारखे काम मिळेल तेव्हा मिळो, आपला सूर मात्र रोज म्हणावा, जपण्यासाठी मिटून ठेवलेला सूर जपला जात नाही, हरवतो.