आजाची करवंदं

पुष्कळ वर्षांपूर्वी, राज्यं लहान आणि राजांच्या पदव्या लांबलचक असत त्या काळी, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे एक म्हातारा कुंपणावरच्या करवंदांचं आसव करी. सारा गाव त्याला आजा म्हणे.

करवंदं, गूळ आणि आंबण्यासाठी धायटीची फुलं मडक्यांत घालायची, तोंडं मातीने लिंपायची आणि मडकी भाताच्या तुसात पुरायची. दसऱ्याला तान्ही मुलं सोडून सारा गाव ते आसव वाटीवाटीने पिई. रीत अशी होती, की आजाच्या टोपलीत दुसऱ्याने हात घालायचा नाही. तपासणं म्हणजे त्याचा अपमान. अपमान टळावा म्हणून माणसं काय वाटेल ते प्यायला तयार असतात.

त्या वर्षी आजाला लांबचा डोंगर स्वच्छ दिसे, हातातलं करवंद मात्र धूसर. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. पन्नाशी उलटल्यापासून गावात त्याला दुसरा मान नव्हता, आणि हा सोडवत नव्हता.

मडकी पुरून झाली त्याच संध्याकाळी त्याच्या बायकोने, आजीने, रिकामी म्हणून टोपली उचलली. तळाशी एक डहाळी होती, काळीभोर फळं लागलेली. तिने एक तोडून पाहिलं. देठाला पांढरा चीक नाही, डहाळीला काटा नाही.

"अहो, हे करवंद नव्हे. हेच खाऊन पाटलांची शेळी मेली."

"आलं असेल एखादं चुकून," आजा म्हणाला.

"कोणत्या मडक्यात गेलंय ते सांगा. तेवढंच फोडू."

आजाने डहाळी हातभर लांब धरून पाहिली. मग म्हणाला, "मला जवळचं दिसत नाही गं."

"ठाऊक आहे मला. परवा शेजारणीला माझ्या नावाने हाक मारलीत. तिला बरं वाटलं, म्हणून मी बोलले नाही."

"गावाला कळलं तर काय राहील माझं?"

"नाही कळलं तर गाव राहील का?"

सकाळी आजाने गावाला अंगणात बोलावलं, डोळ्यांचं सांगितलं आणि एकेक मडकं स्वतःच्या हाताने फोडलं. लोक हळहळले, डोळ्यांसाठी कमी, आसवासाठी जास्त. एक जण तर म्हणाला, "आजा, एखादं ठेवायचं होतं. माझा सासरा यायचाय."

दसऱ्याला गाव तोंड वाकडं करून ताक प्यायला. पहिली वाटी मात्र पाटलांनी आजाच्याच हातात दिली. पुढच्या उन्हाळ्यापासून करवंदं साऱ्या गावाने निवडायची आणि गुळाचं प्रमाण आजाने सांगायचं, असं ठरलं. आसव पूर्वीपेक्षा बरं होऊ लागलं, पण हे आजाला कोणी सांगितलं नाही.

तात्पर्य: आपली उणीव वेळेवर बोलून दाखवली, तर मान थोडा कमी होतो, पण माणसं सगळी शिल्लक राहतात.