ठमाईने राखलेली सोंड

फार जुन्या काळी एका राजाला तोफा ओतायच्या होत्या. भट्ट्यांना कोळसा हवा, म्हणून त्याच्या माणसांनी घाटमाथ्यावरचं सारं रान तोडून नेलं. पुढे राजा गेला, तोफा गंजल्या. डोंगर मात्र बोडकाच राहिला.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. कोवळं गवत फुटावं म्हणून गावकरी दर उन्हाळ्यात डोंगराला वणवा लावत. पावसाळ्यात वरची माती भातखाचरांत उतरे. लोक ती उपसत आणि म्हणत, "डोंगर म्हातारा झाला, झिजायचाच."

त्या गावात ठमाई नावाची विधवा राहायची. तीस बकऱ्या हाच तिचा संसार. एकदा वणव्यानंतर महिन्याभराने ती बकऱ्यांमागे चालली होती. एका जळक्या खुंटाला दोन बोटं धुमारा फुटलेला तिला दिसला. ती वाकून पाहते तोच तिच्याच बकरीने तो खुडला. ठमाईने आजूबाजूला पाहिलं. हिरडा, जांभूळ, ऐन, अंजन. जागोजाग खुंट होते, आणि धुमारे सगळ्यांचे खुडलेले. रान मेलं नव्हतं. दर साली ते उठू पाहत होतं आणि आपणच त्याला खाली बसवत होतो. त्या दिवशी तिला भाकर गोड लागली नाही.

ती पाटलांकडे गेली. "डोंगराची एक सोंड मला राखायला द्या. तिथे आग नको, गुरं नकोत."

"किती दिवस?"

"दहा-बारा वर्षं."

पाटील हसले. "तोवर तू तरी राहशील का, ठमाई?"

"खुंट राहतील की."

पाटलांनी डोंगरावरून खाली उतरणारी सगळ्यात खडकाळ सोंड तिला दिली. ठमाईने बकऱ्या घाटाखाली लेकीच्या सासरी धाडल्या, सोंडेभोवती काट्यांचं कुंपण घातलं आणि गावची भात लावणी-कापणी करून ती पोट भरू लागली. उन्हाळ्यात वणव्याच्या आधी ती कडेचं गवत कापून आगीची वाट मोडायची.

पाचव्या साली दुष्काळ पडला. तिचा धाकटा भाऊ कुशाबा गाई घेऊन कुंपणापाशी आला.

"आक्का, चारा फक्त तुझ्याकडे उरलाय. वाट दे."

"विळ्याने काप आणि हवं तितकं ने. मीही कापू लागते. पण जनावर आत सोडू नको."

"भावापेक्षा खुंट जवळचे झाले?"

ठमाईने विळा त्याच्यापुढे धरला. कुशाबाने चारा नेला नाही. तीन गाई मेल्या, आणि त्याने बहिणीशी बोलणं टाकलं. ठमाई त्या साली पुष्कळ रडली. कुंपण मात्र तिने उघडलं नाही.

दहाव्या साली सलग नऊ दिवस पाऊस कोसळला. डोंगर जागोजागी सुटला. दगडमातीखाली गावची निम्मी खाचरं गाडली गेली. कुशाबाचंही खाचर गेलं. ठमाईच्या सोंडेवर तोवर पुरुषभर उंच झाडी झाली होती. तिच्या पायथ्याशी तीन घरांची शेतं होती. तिथलं एक रोपही आडवं झालं नाही.

पाऊस थांबल्यावर कुशाबा बहिणीच्या दारात आला. 

"आक्का, माझ्या शेतावरची सोंड राखायची म्हणतोय. कधीपासून धरू?"

"तुझी गुरं आता कुठं चरतायत?"

"तिथंच."

"मग आधी ती खाली आण," ठमाई म्हणाली आणि काटे तोडायचा कोयता घेऊन त्याच्याबरोबर निघाली.

बोध: मुळं जिवंत असतील, तर आपला हात आवरणं हीच मोठी लागवड.